स्वल्पविरामासकट निरोप

मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की 'मी एक जुना अमुक' अशी सुरुवात करायची रीत आहे. माझी तिथेच पंचाईत होते, कारण मी एक नाही, दोन आहे. एक हातात धरायचा कॉर्डलेस फोन, आणि एक तो ज्यात ठेवतात ती बैठक. बैठक तारेने भिंतीला बांधलेली, हातातला मात्र घरभर हिंडायला मोकळा. बोलण्याचं काम हिंडणाऱ्याचं. घरात कोणी नसलं की आलेला निरोप ऐकून जपून ठेवायचं काम बैठकीचं. पण दोघांचा जीव एकच, म्हणून आपलं 'मी' म्हणतो. जुना आहे, त्यात मात्र शंका नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. जाळीची टोपी घातलेल्या एका बाईंनी मला कानाला लावलं, 'हॅलो, एक, दोन, तीन' म्हटलं, स्वतःशीच मान हलवली आणि खोक्यात घातलं. दिवसभर त्या सगळ्याच फोनांना तेवढंच म्हणत असणार. मला आपलं वाटलं, माझी विचारपूस केली. भोळा होतो तेव्हा.

दुकानातून मला एका तरुण मुलीने घेतलं. तिने माझे गुण विचारले नाहीत, एवढंच विचारलं, "गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालेल ना?" दुकानदार बुचकळ्यात पडला. तेव्हा तिने समजावलं की तिच्या आईला मागच्या खोलीतून फोनपर्यंत येईस्तोवर घंटा थांबते, मग आई दिवसभर हळहळते. दुकानदार म्हणाला, "मग ताई, हाच न्या. हा ओट्यावर ठेवता येतो, उशाशी ठेवता येतो, आणि एवढं करून नाहीच उचलला, तर हा स्वतः निरोप घेतो." तिने खोक्यावर 'आईसाठी' असं लिहिलं आणि मला पार्सलने पाठवून दिलं. घरी तिला ठमी म्हणत.

ते घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन खोल्या आणि मधे एक अरुंद बोळकंडी, तिथे स्टुलावर जुना काळा फोन. घरात माणसं दोनच, आई आणि बाबा. बाबांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधन केलं होतं. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्याचे कच्चे कागद वाचायचे आणि चुकलेल्या काना-मात्रांवर लाल पेन्सिलीने खुणा करायच्या. निवृत्त झाले तरी पेन्सिल कानावरच होती. साबणाच्या वेष्टनापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत घरात आलेला कोणताही कागद त्यांच्या तावडीतून सुटत नसे. आई म्हणायची, "यांना स्वर्गात नेलं तर आधी दारावरची पाटी तपासतील."

पण माझ्या खोक्यावरचं अक्षर बघून बाबांनी पेन्सिलीला हातही लावला नाही. "तुझ्यासाठी आहे," एवढं म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

आता हे काय गौडबंगाल, ते मला पुढे मायलेकींच्या बोलण्यातून कळलं. फोनच्या पोटात सगळं जातं, मित्रांनो. ठमीने लहान मुलांसाठी एक छोटंसं पुस्तक लिहिलं होतं, कळपातून हरवलेल्या एका बदकाचं. छापायच्या आधी तिने हौसेने त्याचे कागद बाबांना दिले. बाबांनी ते रात्र जागून वाचले आणि सकाळी तिच्या हातात परत ठेवले. जिकडेतिकडे लाल खुणा. तोंडाने 'छान' नाही की 'बरं' नाही. ठमी कागद चाळत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "बाबा, तुम्हाला माणूस दिसतच नाही, चुका तेवढ्या दिसतात," असं म्हणून ती आपल्या नोकरीच्या गावी निघून गेली. त्याला वर्ष उलटलं होतं. तिचा फोन यायचा, पण आईसाठी. बाबांनी उचलला तर पलीकडे शांतता. बाबाही मूग गिळून गप्प. मग कोणीतरी ठेवून द्यायचं. दोघंही एकाच मुशीतले, पडतं कोण घेणार? आणि आईचा जीव मधल्यामधे टांगणीला. एकीला तिकडे 'बाबा ठीक आहेत' सांगायचं, दुसऱ्याला इकडे 'ठमी ठीक आहे' सांगायचं. दोघांपैकी ठीक कोणीच नव्हतं.

मला खोक्यातून काढलं आईने. अडॅप्टर, वायरी, बॅटरी, सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाली, "कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावते. तो माहितीपुस्तक न वाचता सगळं लावतो." ती मुद्दाम म्हणाली असणार. कारण माहितीपुस्तक न वाचता कोणी काही जोडतंय ही कल्पना बाबांना सहनच झाली नाही. ते गॅलरीतून उठून आले, चष्मा पुसला आणि पुस्तक उघडून बसले.

ते पुस्तक कोणी मराठीत आणलं होतं देव जाणे. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'हँडसेट पाळण्यात निजवावा. यंत्र जीवंत झाल्यास हिरवा दिवा पेटेल.' बाबांनी आधी 'जीवंत'चा 'जि' ऱ्हस्व केला. मग 'पाळण्यात' या शब्दावर पेन्सिल टेकवली, माझ्या बैठकीकडे बघितलं, पुन्हा पुस्तकाकडे बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. आई स्वयंपाकघरातून बघायलाच आली. वर्षभरात तिने हा आवाज ऐकला नव्हता. त्या दिवसापासून त्या घरात माझ्या बैठकीचं नाव पाळणा पडलं ते पडलंच.

सगळं पुस्तक दुरुस्त केल्याशिवाय बाबांनी एक वायर लावली नाही. आधी पुस्तक बरोबर, मग फोन बरोबर, असा त्यांचा हिशेब. मग बोळकंडीतला काळा फोन उचलून त्याच्या जागी माझं काम सुरू झालं. अडॅप्टर विजेच्या बोर्डात, फोनची तार भिंतीवरच्या खाचेत, 'कट्' आवाज होईपर्यंत. माझ्या पाठीवरचं झाकण सरकवून लाल-काळ्या वायरीची बॅटरी आत बसवली, वायर झाकणात चेपणार नाही अशी बोटाने नीट वळवली. घाई अजिबात नव्हती. मला पाळण्यात ठेवलं, हिरवा दिवा लागला. 'पहिल्या वापरापूर्वी पूर्ण चार्ज करावे' असं पुस्तकात होतं, म्हणून त्यांनी आईला दिवसभर मला शिवू दिलं नाही. दुपारी मी वाजलो. आई धावली. बाबा मधे उभे. "अजून पूर्ण झालेलं नाही."

"अहो, माणूस वाजवतंय तिकडून."

"पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

घंटा थांबली. आईने कपाळावर हात मारून घेतला. फोन ठमीचाच होता, पार्सल पोचलं का ते विचारायला. संध्याकाळी तिने पुन्हा केला आणि आईने मला कानाला लावून बोलत बोलत ओट्यापर्यंत नेलं, तेव्हा आईच्या आवाजात जो आनंद होता, तो मी तारेत जसाच्या तसा पाठवला.

राहिलं निरोपाचं. घरात कोणी नसताना मी काय बोलावं, ते आधी कोणाच्या तरी आवाजात भरून ठेवावं लागतं. बाबांनी मजकूर कागदावर लिहिला, दोनदा तपासला, माझ्यासमोर ताठ उभे राहिले, बटण दाबून धरलं आणि 'टूं' झाल्यावर वाचू लागले. इथेच घोटाळा झाला.

त्याचं असं, की छापखान्यात हे काम दोघांनी करायचं असतं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. मोठ्याने वाचणारा नुसते शब्द वाचत नाही, चिन्हंही वाचतो, म्हणजे एकही सुटायला नको. बाबा तरुणपणी वर्षानुवर्षं मोठ्याने वाचायला होते. हातात कागद आणि समोर ऐकणारा आला की त्यांची जीभ आपोआप त्याच वाटेने जायची. त्यामुळे माझ्या पोटात जे भरलं गेलं ते असं:

"नमस्कार पूर्णविराम आम्ही आत्ता फोनजवळ नाही स्वल्पविराम तरी आवाज ऐकू आल्यावर आपला निरोप ठेवावा पूर्णविराम आभारी आहोत पूर्णविराम."

मग त्यांनी ते परत लावून ऐकलं. डोळे मिटून, मान डोलावत. "एकही चूक नाही," म्हणाले. त्यांच्या कानाला ती चिन्हं शब्दांसारखी ऐकूच येत नव्हती. आईच्या हाताखाली नळ चालू होता, तिला काहीच ऐकू आलं नाही. मी काय करणार? आम्हाला दिलं ते बोलायचं, एवढंच येतं.

पुढचा आठवडा मोठा गमतीचा गेला. आईबाबा बाहेर गेले की मी स्वल्पविरामासकट बोलायचो आणि पलीकडची माणसं गोंधळायची. कोणी हसून ठेवून द्यायचं. दातांच्या दवाखान्यातल्या मुलीला वाटलं, या घरी निरोप असाच ठेवायचा असतो. तिने बिचारीने चाचरत निरोप ठेवला, "डॉक्टरांनी गुरुवारी बोलावलंय... पूर्णविराम." बाबा तो ऐकून म्हणाले, "किती व्यवस्थित मुलगी आहे."

भांडं फोडलं ते बाबांच्या थोरल्या बहिणीने. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का म्हणजे तोंडाने फटकळ, पण पोटात माया. तिने गुरुवारी सकाळीच फोन केला. "काय रे, तुझा फोन लोकांना शुद्धलेखन घालतो होय? मी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा वही घेऊन बसले होते."

बाबांना आधी कळेचना. मग त्यांनी निरोप पुन्हा लावला, या वेळी अक्काच्या कानाने ऐकला, आणि त्यांचा चेहरा पडला. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्या, त्याची स्वतःची चूक आठवडाभर सगळ्या गावाने ऐकली होती. आई हसता हसता खुर्चीत बसली. बाबा हसले नाहीत. "आत्ताच्या आत्ता पुसतो," म्हणाले.

"दवाखान्यात जायचंय. आल्यावर पुसा. पळून जाणार आहे का तो?"

दोघं गेली. दार बंद झालं, आणि थोड्या वेळाने मी वाजलो. कोणी उचललं नाही, तेव्हा मी माझं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, आणि 'टूं' केलं. पलीकडे शांतता. मग कोणीतरी खुदकन हसलं. मग नाक ओढल्याचा आवाज. मला तो श्वास ओळखीचा होता. ती बोलायला लागली, आणि मित्रांनो, मी तो निरोप असा घट्ट धरून ठेवला की काय सांगू.

तासाभराने आईबाबा परत आले. माझा लाल दिवा लुकलुकत होता. पण बाबांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत, कानावरची पेन्सिल सावरली आणि सरळ माझ्या बटणांकडे आले. गालात औषधाचा बोळा, डोळ्यांत अपमान. घाईत माणूस कोणतं बटण दाबेल याचा नेम नसतो. एक जास्त वेळ दाबलं गेलं असतं, तर सगळेच निरोप पुसले गेले असते. माझा जीव नुसता खालीवर होत होता.

"अहो, लाल दिवा बघा आधी," आई म्हणाली. "कोणीतरी बोलून गेलंय."

बाबा थांबले. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे त्यांनी त्रिकोणाचं बटण दाबलं. आणि बोळकंडीत ठमीचा आवाज आला.

"बाबा स्वल्पविराम हे पुसू नका पूर्णविराम मी आठवड्यात तीनदा फोन केला स्वल्पविराम तुम्ही घरी नसाल अशा वेळी स्वल्पविराम नुसतं ऐकायला पूर्णविराम मी लहान असताना तुम्ही मोठ्याने वाचायचात आणि मी कागदावर बोट फिरवायचे पूर्णविराम तेव्हा मला वाटायचं स्वल्पविराम सगळ्यांचेच बाबा असे बोलतात पूर्णविराम अजून रागावलाय का प्रश्नचिन्ह."

मग माझी 'टूं'. आई भिंतीला टेकून उभी होती. बाबांनी परत लावला. परत ऐकला. शेवटी बोळ्यामुळे बोबडं बोलत म्हणाले, "मी कुठे रागावलो होतो? ती रागावली होती."

"मग ते तिला सांगा," आई म्हणाली. "वर्षभर मीच तुमची तार झालेय. माझेही गुडघे दुखतात हो."

हे ती हसत म्हणाली. बाबा बेसिनपाशी गेले, बोळा टाकला, चूळ भरली. मग त्यांनी मला पाळण्यातून उचललं आणि गॅलरीत नेलं, दार ओढून घेतलं. तार नसण्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. स्टुलावरच्या त्या काळ्या फोनवर, बोळकंडीत, आईच्या देखत, हा माणूस कधीच बोलू शकला नसता.

त्यांनी आकडे दाबले आणि घंटा जाण्याआधीच बंद केलं. पुन्हा दाबले, पुन्हा बंद केलं. तिसऱ्या वेळी पलीकडे उचललं गेलं.

"हॅलो, आई?"

बाबा गप्प. तोंड उघडलं, पण शब्द येईना. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर आपटत होता. आजपर्यंत असं झालं की कोणीतरी ठेवून द्यायचं. मी वाट बघत होतो, आता खट् होणार. पण ठमीने ठेवला नाही. तिच्या मागे रस्त्यावरच्या गाड्या जात-येत होत्या, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, आणि ती तशीच थांबून राहिली.

"बाबा?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

"हं."

"बोला ना. मी आहे."

"ते बदक एकटं पाण्यात उतरतं," बाबा म्हणाले, "ते पान. तुझ्याकडे आहेत का ते कागद?"

"आहेत."

"काढ."

कागदांची सळसळ झाली. म्हणजे ते तिच्या हाताशीच होते. "काढलं," ती म्हणाली.

"त्याच्यावर काय आहे?"

"काही नाही. एकही खूण नाही. तुमच्या नजरेतून सुटलं असेल असं वाटलं मला."

"सुटलं?" बाबांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "माझ्या नजरेतून पान सुटत नाही, ठमे. ते मी चारदा वाचलं. पेन्सिल हातात धरून बसलो होतो. करण्यासारखं काही नव्हतंच त्यात. चांगल्या पानावर खूण करायची आमच्यात पद्धत नाही." इथे ते अडखळले. "छान आहे ते. फार छान आहे. हे तेव्हाच बोलायला हवं होतं मी."

पलीकडे ठमी रडत होती, आणि इकडे बाबा गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते. दोघांचं रडणं एका वेळी माझ्या पोटातून जात होतं, आणि मला आतून भरून आलं होतं. मग ठमी म्हणाली, "बाबा, अशी आणखी पानं आहेत का?" बाबा म्हणाले, "आहेत की. लिहून घे." आणि त्यांनी एकेक पान सांगायला सुरुवात केली. माझी बॅटरी संपत आली, मी टिकटिक करायला लागलो. आतून आईने हाक मारली, "अहो, पाळण्यात ठेवा त्याला, भूक लागलीय." कोणी ऐकलं नाही. मी जीव मुठीत धरून शेवटच्या पानापर्यंत तग धरला.

त्यानंतरची वर्षं माझी कौतुकाची. ठमी दुसरं पुस्तक लिहायला लागली आणि रोज संध्याकाळी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवू लागली, चिन्हांसकट. बाबा ऐकताना मधेच म्हणायचे, "इथे खूण नाही." तेवढ्यावर ती दिवसभर खूश. माझा तो निरोप त्यांनी कधी पुसला नाही. अक्का सगळ्यांना मुद्दाम ऐकवायची, "माझ्या भावाचा फोन शिकलेला आहे बरं."

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आले. त्यात आवाजाबरोबर चेहराही दिसतो, आमच्यासारख्यांनी त्यापुढे काय टिकावं? माझी घंटा कमी झाली, मग थांबली. एक दिवस मला खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. रागाने नाही, गरज उरली नाही म्हणून. पण बॅटरी काढायची कोणाला आठवण झाली नाही. ती आतच फुगली आणि तिच्या पाण्याने माझे पाळण्याला टेकणारे पितळी पाय हिरवे पडले. वरून धूळ बसली. त्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात ठमी आली होती. तिने मला खाली काढलं, कापसाने माझे पाय पुसले, नवी बॅटरी आणली. हिरवा दिवा काही केल्या लागेना. बाबा आता फार म्हातारे झालेत. ते शेजारी बसून, त्या माहितीपुस्तकातलं वाचून सांगत होते आणि ती जोडत होती. शेवटी दिवा लागला, मंद, पण लागला. म्हणून तर तुमच्याशी बोलतोय.

तेव्हा मित्रांनो, माझ्या भावंडांसाठी तुमच्याकडे एवढंच मागणं. ठेवून द्यायचं यंत्र असेल तर त्याची बॅटरी काढून ठेवा, बरं. तिची वायर ओढून नका काढू, टोकाशी धरून काढा. आणि कधी फोन उचललात आणि पलीकडून कोणी बोललंच नाही, तर चटकन बंद करू नका. थोडा वेळ धरून ठेवा. ते माणूस बोलणार असतं, त्याचा पहिला शब्द तेवढा सापडायचा असतो.